मुद्देमालाची ओटी

ती घटना विसरणं मला जमलेलं नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. चोरीची खबर आली तेव्हा चोरीला गेलेली वस्तू जागेवरच होती. मी ती डोळ्यांनी पाहिली. तिच्यासमोर उभं राहून चहा घेतला.

मी तेव्हा सातारा जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपून तपासाच्या कामांची वाटणी चालली होती, तेवढ्यात सांगलीहून एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. पितळी समया, सागवानी खुर्च्या, बंद पडलेली घड्याळं असा त्याचा जुन्या वस्तूंचा धंदा. मी सांगलीत नेमणुकीला असल्यापासून तो मला अधूनमधून माहिती देई. त्याला खबऱ्या म्हटलेलं आवडत नसे.

"सायेब, तुमच्या जिल्ह्यातल्या राणीसाहेब विकायला निघाल्यात."

"नीट बोला."

"चित्र वो. रंगवलेलं, जुनं. मिरजंच्या बाजारात एकानं मोबाइलवर फोटो दावला. हिरव्या बांगड्या, मांडीवर रंगाची पेटी. शाळंच्या सहलीला बघितलंय मी ते. म्या म्हनलं, गड्या, ह्ये तर दालनातलं हाय. तर मोबाइल खिशात घातला आन सुटला."

"ओळखीचा होता?"

"न्हाई. तोंडाला रुमाल. पर सायेब, थट्टा न्हवती ती. भाव सांगायच्या बेतात हुता."

ज्या गावाबद्दल तो बोलत होता त्याचं नाव मी लिहीत नाही. पूर्वी ते एका लहान संस्थानचं ठिकाण होतं. तिथे एका विश्वस्त मंडळानं चालवलेलं चित्रदालन आहे, आणि त्या दालनातलं मुख्य चित्र म्हणजे तिथल्या राणीसाहेबांचं. गावात त्यांना आजही आईसाहेब म्हणतात. बैलांची शिंगं रंगवणाऱ्या एका घरातला मुलगा त्यांच्या नजरेला पडला. त्यांनी त्याला मुंबईला चित्रकला शिकायला पाठवलं, आणि त्यासाठी हातातल्या सोन्याच्या पाटल्या उतरवल्या असं गाव सांगतं. शिकून परत आल्यावर त्यानं सगळ्यांत आधी त्यांचं चित्र काढलं. अंगावर एकही दागिना दाखवला नाही. मांडीवर त्यांनीच दिलेली रंगांची पेटी, हातात हिरवा चुडा, आणि मनगटाच्या वर, पाटल्या असायच्या तिथे, कातडीचा एक उजळ पट्टा. बघणाऱ्याचं लक्ष त्या पट्ट्याकडे उशिरा जातं, आणि एकदा गेलं की हलत नाही.

आईसाहेब सवाष्ण गेल्या. तेव्हापासून गावातल्या बायका चैत्रात दालनात हळदीकुंकू करतात आणि आईसाहेबांची ओटी भरतात. एकदा कुणीतरी थेट चित्राला कुंकू लावलं. त्यानंतर मंडळानं चित्रापुढे दोरी बांधली. ओटीचं ताट दोरीच्या अलीकडे चौरंगावर ठेवतात आणि तिथूनच उचलतात.

खातरजमा करायला मी एक महिला शिपाई बरोबर घेऊन साध्या कपड्यांत गेलो. दालनात मंडळाचे अध्यक्ष, चिटणीस आणि राखणदार असे तिघे होते. अध्यक्ष वयस्कर गृहस्थ, ऐकायला थोडे कमी. चिटणीस निवृत्त प्राध्यापक, दालनाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. राखणदार फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. गाव त्याला हवालदारच म्हणे. दालनामागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको राहत. दालनाची किल्ली त्याच्याकडे होती.

आईसाहेब भिंतीवर होत्या. पेटी, चुडा, तो उजळ पट्टा, सगळं होतं. चहा आला. चिटणीस हसून म्हणाले, "साहेब, कुणीतरी तुमची चेष्टा केली. चित्र तर नव्या दिव्यांत अगदी कालच काढल्यासारखं दिसतंय."

नवे एलईडी दिवे चांगले झगझगीत होते. मी म्हटलं, आलोच आहोत तर खाली उतरवून बघू.

"त्याची काय गरज आहे?" चिटणीस म्हणाले.

हवालदारानं मात्र शिडी आणलीसुद्धा.

चित्र उतरवून उलटं केलं. चौकट जुनी, सागवानी, पाठीमागे काळवंडलेली. तिच्यात बसवलेलं कापड दुधासारखं पांढरं होतं, आणि कडेनं स्टेपलरच्या चकचकीत पिना. जुन्या तैलचित्राची पाठ चहाच्या गाळणीसारखी तांबूस होते, हे कळायला चित्रकार असावं लागत नाही. भिंतीवर टांगलेली होती ती यंत्रावर छापलेली नक्कल, वरून ब्रशनं पारदर्शक रोगण फिरवलेली.

अध्यक्षांनी कापडावरून बोट फिरवून पाहिलं. हवालदार सावधानच्या पवित्र्यात उभा राहिला.

चौकट पुन्हा सरळ करताना तिच्या खालच्या खाचेतून काहीतरी सांडलं. मी कागद पसरून चौकट झटकली. तांदळाचे दाणे, त्यांत थोडे शाळूचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, आणि हळकुंडाचा तुकडा. काही दाण्यांना कुंकू लागलेलं होतं, लालभडक. एकालाही कीड नव्हती.

"चैत्रातल्या हळदीकुंकवाचे असतील," चिटणीस म्हणाले. मी अजून काही विचारलं नव्हतं.

पुड्या बांधून पंचनाम्यात घेतल्या. पण त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. दोरीच्या अलीकडच्या ताटातले दाणे भिंतीवरच्या चौकटीच्या खाचेत जात नाहीत. शिवाय त्या गावात ओटीला तांदूळ घालतात किंवा गहू. शाळू मी तिथे कुणाला घालताना ऐकलं नव्हतं. याचा अर्थ कुणीतरी चित्राची, अगदी त्याच्या अंगाशी उभं राहून, ओटी भरली होती. चोर ओटी भरतो का, हा प्रश्न मी गाडीत महिला शिपायाला विचारला. ती म्हणाली, "सर, चोराला तेवढं सुचत नाही. सुचलं तर तो चोरी करत नाही."

अध्यक्षांची फिर्याद घेऊन गुन्हा दाखल केला. प्रकरण संवेदनशील म्हणून फिर्यादीची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकली नाही. मूळ चित्र हातात नसताना बोभाटा झाला असता, तर ज्याच्याकडे ते होतं तो ते जाळून मोकळा झाला असता. म्हणून नक्कल पुन्हा भिंतीवर टांगली आणि तिघांनाही सक्त ताकीद दिली, की चित्र बदललंय हे कुणाला कळता कामा नये. हवालदाराला मी वेगळं बाजूला घेऊन सांगितलं, "घरीसुद्धा बोलायचं नाही."

"जी साब," तो म्हणाला. फौजेतली सवय.

पुढचे दिवस हवालदाराला चौकशीला बोलावण्यात गेले. किल्ली त्याची, राखण त्याची. चिटणीस तर रोज फोन करत. "साहेब, माणूस चांगला आहे हो, पण गरजेपुढे काय करणार? तुम्ही खाक्या दाखवा, बोलेल." गावात चित्राचं कुणाला माहीत नव्हतं, तरी पोलीस हवालदाराला नेतात-आणतात एवढं दिसत होतं. वाण्याच्या दुकानात तो गेला की बोलणं थांबायचं. मंडळाची बैठक रविवारी ठरली होती, आणि तोवर काही हाती लागलं नाही तर त्याला कामावरून आणि खोल्यांतून काढायचा ठराव चिटणिसांनी तयार ठेवला होता.

"किल्ली कधी कुणाला दिली?" मी विचारी.

"न्हाई साब."

"बाहेरगावी कधी गेला होता?"

"पलटणीतल्या जुन्या जवानांचा मेळावा हुता कोल्हापुरात. तवा गेल्तो. किल्ली घरात खिळ्याला हुती. मालकिनीला सांगून गेल्तो, मी आल्याबिगर दार उघडायचं न्हाई."

"उघडलं नसेल?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "साब, फौजेत मी दारूगोळ्याच्या कोठारावर पहारा दिलाय. माझं नाव कवा कागदावर आलं न्हाई. आता आलं तर मला गावात ऱ्हाता यायचं न्हाई. पर मी आर्डर मोडनार न्हाई, आन माझी बायकोबी मोडनार न्हाई."

पोलिसाला दोन प्रकारचे गप्प बसणारे लोक ओळखता यावे लागतात. एक गप्प बसतो कारण त्याला उत्तर माहीत असतं. दुसरा गप्प बसतो कारण प्रश्नच त्याच्या अपमानाचा असतो. हवालदार दुसऱ्यांतला होता याबद्दल माझी खात्री होती, पण न्यायालयात खात्री चालत नाही.

किल्लीबद्दल त्याच्या बायकोचा जबाब घेणं राहिलं होतं. मी महिला शिपायाला घेऊन खोल्यांवर गेलो. बाई पन्नाशीची, जतकडचं माहेर, बोलण्यात कानडी वळण. नवरा घरी नव्हता. मी तिला मावशी म्हटलं. तिनं चहा ठेवला, पण विचारू त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर. किल्ली खिळ्यालाच असते का? व्हय. कुणी मागितली का? न्हाई. चोरी कधी झाली असेल असं वाटतं? कसली चोरी, मला कायबी ठावं न्हाई. तिच्या नजरेत भीती होती, ती मी नोंदवून ठेवली. जबाब दोन ओळींत संपला. आम्ही उठलो.

दारात तिनं महिला शिपायाचा हात धरला. "थांब बाई. पोलीस असलीस म्हून काय झालं, लेकीसारखी हाईस. सवाष्ण माझ्या दारातनं रिकामी जायाची न्हाई."

तिनं कुंकवाचा करंडा काढला, हळदकुंकू लावलं आणि डब्यातून ओंजळ भरून तिच्या ओढणीत घातली. वर हळकुंडाचा तुकडा. आमची शिपाई माझ्याकडे बघत होती, मी तिच्या ओढणीकडे. तांदळात शाळूचे दाणे होते.

"मावशी, शाळू कसा काय?"

"आमच्या माह्यारी तशीच रीत हाय. निस्त्या तांदळाची वटी मला भरल्यागत वाटत न्हाई."

मी पुन्हा आत येऊन बसलो आणि ज्या आवाजात चहात साखर किती विचारतात त्या आवाजात विचारलं, "आईसाहेबांची ओटी कधी भरलीत?"

"गेल्या तवा की." ती पटकन म्हणाली, आणि लगेच पदर तोंडावर धरला.

मी थांबलो. घाई केली असती तर तिचं तोंड पुन्हा बंद झालं असतं. महिला शिपाई तिच्याजवळ खाली बसली. "आई, तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही. कुठं गेल्या होत्या आईसाहेब?"

"आंघोळीला," ती रडत म्हणाली. "म्हंजी धुवायला, साफ कराया. आमचे मालक मेळाव्याला गेल्ते. चिटणीससर टेंपू घेऊन आले. म्हनले, काकू, आईसाहेबांवर धूळ बसलीया, सांगलीला नेऊन साफ करून आनतो, दोन दिसांत आनतो. म्या म्हनलं, मालक आल्यावर न्या. तर म्हनले, हवालदार नियमावर बोट ठेवतो, लेखी मागंल, मग पावसाळा संपंल. त्याला सांगायचंच न्हाई."

"आणि तुम्ही दार उघडलं."

"उघडलं. पर रिकाम्या कशा घालवू? मी वटी भरली, कुकू लावलं चौकटीला, म्हनलं, आईसाहेब, लवकर या. आन आल्या की! दोन दिसांनी आल्या, कशा नितळ होऊन. मालक आले तर म्हनले, नव्या दिव्यांत लय उजळ दिसत्यात. म्या मनातल्या मनात हसले."

"मग आता का घाबरलात?"

"तुमी मालकास्नी न्यायला लागला तवा सर आल्ते. म्हनले, दार उघडल्याचं बोललीस तर हवालदाराची नोकरी गेली म्हून समज."

तेव्हा सगळा प्रकार माझ्यासमोर उलगडला. या बाईच्या दृष्टीनं चोरी झालीच नव्हती. आईसाहेब गेल्या होत्या आणि परत आल्या होत्या. त्या परत आलेल्या नाहीत, ही एक गोष्ट तिला कळली असती तर तिनं पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं असतं. ती तिला सांगू शकणारा माणूस तिच्याच घरात जेवत होता, आणि त्याला मी न बोलण्याचा हुकूम दिला होता. दोघं नवरा-बायको एका चुलीपुढे बसून आपापली आज्ञा पाळत होते. दुसरं कुठलंही घर असतं तर रात्रीच्या भाकरीबरोबर प्रकरण सुटलं असतं. चिटणिसाचा सगळा बेत उभा होता तो या घराच्या शिस्तीवर.

मावशींचा सविस्तर जबाब महिला शिपायानं लिहून घेतला. टेंपोचं वर्णन तिनं चांगलं दिलं होतं. मागच्या फळीवर छापखान्याची जाहिरात होती. त्यावरून त्याच दिवशी आम्ही कुपवाडला पोचलो. औद्योगिक वसाहतीत पाळी सुटायची वेळ होती, दुचाक्यांची रांग फाटकातून बाहेर पडत होती. मोठे फलक छापणारा तो एक छोटा कारखाना होता. मालकानं काही लपवलं नाही.

"सर आलते की. ट्रस्टचं काम म्हनले. नक्कल भिंतीवर लावायची, खरं कपाटात ठेवायचं, चोरीची भीती असती म्हनले. मला ब्येस वाटलं, शानपणाचं काम. फोटू काढला, छापला, जुन्या चौकटीत बसवून दिला."

"आणि मूळ चित्र?"

"चौकटीतनं सोडवून गुंडाळून दिलं. मी म्हनलं, सर, गुंडाळू नका, रंगाला चिरा पडतील. ते म्हनले, थोड्याच दिवसांचा प्रश्न हाय. गुंडाळी घालायला पाईप त्यांनीच आनलावता. शेतात घालत्यात तसला, प्लॅस्टिकचा, सहा इंची. दोन्हीकडनं टोप्या चिकटवून घेतल्या माझ्याकडनं."

दुसऱ्या दिवशी चिटणिसांना बोलावलं. ते इस्त्रीच्या कपड्यांत आले, हातात रविवारच्या ठरावाची फाइल. मला वाटतं हवालदाराच्या अटकेची बातमी ऐकायला आले होते. मी त्यांचा पहिला जबाब त्यांच्यापुढे ठेवला. दिवे बसवताना किंवा त्या आधी-नंतर चित्र भिंतीवरून हललेलं नाही, असं त्यांनी लिहून दिलं होतं.

"हे बरोबर आहे?"

"अगदी. मी स्वतः हजर होतो."

"मावशी म्हणतात, चित्र सांगलीला गेलं होतं."

"कोण, हवालदाराची बायको?" ते हसले. "साहेब, अडाणी बाई. चित्राची ओटी भरणारी. तुम्ही तिचं काय ऐकता? नवऱ्याला वाचवायला ती काहीही सांगेल."

ओटीचा शब्द त्यांच्या तोंडून आला. मी तो काढला नव्हता, आणि मावशींनी चित्राची ओटी भरली हे त्या दिवशी तिथे असलेल्यालाच ठाऊक होतं. चौकटीतले दाणे चैत्रातल्या हळदीकुंकवाचे, असं हाच माणूस पहिल्या दिवशी सांगत होता. मी ते त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही, लेखनिकाला फक्त लिहून घ्यायला सांगितलं. मग टेबलावरचे कागद आवरले आणि विचारलं, "सर, पाईप कुठं ठेवलाय?"

चित्र कुठं आहे, या प्रश्नाची तयारी ते करून आले होते. पाइपाच्या प्रश्नाची नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारलेल्या माणसाला उत्तर न येणं सहन होत नाही, हे मी त्या खोलीत पाहिलं. पाणी मागितलं आणि त्यानंतर ते सलग बोलले. कारणं त्यांनी दिली ती जबाबात आहेत, इथे सांगण्यासारखी नाहीत.

पाईप इस्लामपूरला होता. मेहुण्याचं ठिबक आणि पाइपांचं दुकान, मागे गोदाम. पाइपांच्या ढिगात पाईप लपवलेला, गिऱ्हाईक ठरेपर्यंत. डोकं चांगलं चालवलं होतं. स्थानिक ठाण्याला कळवून, पंच घेऊन आम्ही गोदामात शिरलो, तर सहा इंची पाइपांची अख्खी जागा मोकळी.

"आरं, हितं दाजींचा एक पाईप हुता," मेहुणा डोक्याला हात लावून गड्याला म्हणाला.

"मालक, तुमीच म्हनला, हुता न्हवता सगळा सहा इंची माल वाळवा रोडच्या रानात टाकून ये. टाकला की सकाळी."

मेहुण्याला चित्राचं काही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. गड्याला गाडीत घेतलं आणि आम्ही निघालो. पाइपलाइन घालणारे लोक पाईप कापतात, टोकं गरम करून एकमेकांत ठोकतात, वरून माती लोटतात. माझ्या शेजारी बसलेला हवालदार—त्याला मी ओळख पटवण्यासाठी बरोबर घेतलं होतं आणि आता सगळं सांगितलं होतं—खिडकीतून बाहेर बघत होता. एवढंच म्हणाला, "साब, मातीत न्हाई जायाच्या त्या."

उसाच्या दोन फडांमधून चारी खणलेली होती. निम्म्या चारीत पाईप बसलेसुद्धा होते. शेतकरी बांधावर उभा होता. चार पोलीस आणि पंचनाम्याच्या चित्रीकरणासाठी कॅमेरा घेतलेला माणूस बघून तो आधी दचकला, मग चिडला.

"आवं, इहीर माझी, रान माझं, परवानगी हाय माझ्याकडं!"

"पाईप बघायचेत."

"पाइपात काय हाय?"

"एक बाई आहेत," महिला शिपाई म्हणाली.

शेतकऱ्यानं तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "सायेब, ऊन लागलंय का तुमास्नी?"

पण जोडकाम करणारा त्याचा माणूस चारीतून वर आला. "मालक, त्यो लांडा पाईप न्हवं का? दोन्ही तोंडं बंद असलेला?"

"व्हय की!" शेतकऱ्यानं बांधाच्या पलीकडे बोट केलं. "त्यो बघा. सगळ्या मालात एक लांडा आन वरनं बुजलेला. म्या बाजूला टाकलाय, बदलून आन म्हनून. असला खराब माल देत्यात का?"

लिंबाच्या सावलीत, पाण्याच्या घागरीला टेकून, तो पाईप पडला होता. हलवल्यावर आत काहीतरी मऊ सरकलं. टोपी चिकटवलेली, म्हणून पंचांसमोर कडेनं करवत लावली. जोडकाम करणाऱ्यालाच कापायला सांगितलं, त्याचा हात सराईत होता. "हळू रं," शेतकरीच त्याला सांगत होता, "बाई हाईत आत."

कापडाची गुंडाळी बाहेर आली. सगळी उलगडणं धोक्याचं होतं. ताडपत्रीवर ठेवून फक्त कडेनं वीतभर सैल केली. आधी हिरवा चुडा दिसला. मग त्यावरचा तो उजळ पट्टा. रंगाला बारीक चिरा होत्या, पण रंग उडाला नव्हता. पाठ तांबूस.

"ह्याच," हवालदार म्हणाला, आणि टाच जुळवून त्यानं कडक सलाम ठोकला. उसाच्या फडात, शिपाई, पंच, गडी सगळ्यांसमोर. माझाही हात आपोआप टोपीकडे गेला. शेतकऱ्याची बायको तोवर वस्तीवरून आली होती. कोण आहेत हे कळल्यावर ती करंडा आणायला परत पळाली. मुद्देमालाला हात लावता येत नाही असं मी सांगितलं, तेव्हा तिनं पाइपाला कुंकू लावलं.

मिरजेच्या बाजारातला दलाल चिटणिसाच्या मोबाइलवरून सापडला. रविवारची बैठक झाली. ठरावाची फाइल आमच्या कपाटात असल्यामुळे अध्यक्षांनी वेगळा ठराव मांडला, आणि हवालदाराला खुर्ची देऊन पुढे बसवलं. बैठक सुटल्यावर मी दालनाच्या पायरीवर होतो, म्हणून पुढचं बोलणं माझ्या कानांवर आलं.

"मला का न्हाई सांगितलंस?" हवालदार बायकोला विचारत होता.

"तुमी मला सांगितलं व्हतं का?"

"मला सायबाची आर्डर हुती."

"मग मलाबी सरांची हुती. तुमच्याच घरात शिकले की मी, आर्डर मोडायची न्हाई म्हून."

हवालदारानं तिच्याकडे पाहिलं. मग मोठ्यानं हसला. त्या प्रकरणात मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

तपासातला माझा एक शिरस्ता या प्रकरणानं बदलला. तोवर मी लोकांना विचारत असे, चोरी कधी झाली, कुणावर संशय आहे. त्यांना जे चोरी वाटत नाही ते ते सांगत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. पुढे प्रत्येक चौकशीत मी शेवटी एक प्रश्न घालत गेलो, की या दिवसांत घरातून, दारातून काय गेलं आणि काय आलं, चांगलं असो की वाईट. माझ्या हाताखालच्या मुलांनाही तेच शिकवलं. त्यातून किती गोष्टी बाहेर आल्या याचा हिशोब ठेवलेला नाही, पण प्रश्न कधी वाया गेला नाही. दुसरी गोष्ट अशी, की ज्या रिवाजाला चिटणीस अडाणीपणा म्हणून हसला, त्याचे मूठभर दाणे चौकटीच्या खाचेत टिकले आणि दोषारोपपत्रात पुरावा म्हणून दाखल झाले.

न्यायालयाच्या आदेशानं चित्र सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यास हजर करण्याच्या हमीवर, मंडळाला द्यायचं ठरलं. दुरुस्ती करणाऱ्या जाणकारानं ते आमच्या मुद्देमाल खोलीतच लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलं होतं. न्यायच्या दिवशी गाडी दारात लागली. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीत नोंद घेतली, हवालदारानं सही केली, चौघांनी चित्र उचललं.

"थांबा," महिला शिपाई म्हणाली. गणवेशात होती, टोपी काखेत. दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. तिनं माझ्याकडे पाहिलं. मुद्देमालाला हात लावायचा नाही, हा नियम तिला पाठ होता. पण सही झाली होती, आता तो आमच्या ताब्यातला मुद्देमाल नव्हता. मी मान हलवली.

तिनं चित्रापुढे चौरंगाऐवजी ठाण्यातला स्टूल ठेवला, त्यावर ताट, ताटात ओंजळभर तांदूळ. मग खिशातून कागदाची पुडी काढून चिमूटभर शाळू त्यात मिसळला.

"मावशींनी पाठवलाय, सर," ती म्हणाली.

आईसाहेब ठाण्यातून निघाल्या. दालनाची किल्ली ठरावाप्रमाणे आता मावशींच्या कमरेला असते, आणि दार उघडायचं असेल तर हवालदारालाही आधी त्यांना विचारावं लागतं.